तीन मिनिटांसाठी चार तास : गॅदरिंगच्या सतरंजीवरून एक धागा

१/
जानेवारीतली थंडी. कापूरहोळहून भोरकडे वळणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावातील शाळेचे पटांगण. पुढे मुलांसाठी ताडपत्री, मागे पाहुण्यांसाठी लाल खुर्च्या, मधल्या जागेत घरोघरहून आणलेल्या सतरंज्या. माझ्या धाकट्या भावाची मुलगी तिसरीत आहे. कार्यक्रमपत्रिकेत तिचे नृत्य सतराव्या क्रमांकावर होते. कार्यक्रम सहाला सुरू व्हायचा होता, तो पावणेसातला झाला. ती रंगमंचावर आली तेव्हा माझे दोन्ही पाय बधिर झाले होते. तीन मिनिटे ती नाचली.

२/
त्या बधिर अवस्थेत एक प्रश्न मनात आला. लेकरांचे नाच पाहण्यासाठी घरच्या माणसांनी तासन् तास बसायचे, ही रीत आपल्याकडे नेमकी केव्हापासूनची? आज ती इतकी अंगवळणी पडली आहे की अनादि काळापासून चालत आली असावी असे वाटते. ती तशी नाही. कापूरहोळच्या पंचक्रोशीत तर ती जेमतेम दोन-तीन पिढ्यांची आहे. धागा थोडा लांब आहे, वाचकहो. पण विषयच तसा आहे.

३/
प्रथम स्थळाविषयी. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कात्रज, खेड शिवापूर, नसरापूर फाटा मागे टाकला की कापूरहोळ लागते. डावीकडे नारायणपूर-सासवडचा रस्ता, उजवीकडे भोरचा. पूर्वेला पुरंदर, पश्चिमेला वेल्ह्याच्या बाजूस राजगड. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती बरी नव्हती, म्हणून बाळाला दूध पाजण्यासाठी कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊला गडावर बोलावण्यात आले. या गावाची इतिहासातली ओळख ती हीच : दुसऱ्याचे मूल आपले मानून वाढवणाऱ्या बाईचे गाव.

४/
आता लांबीचा विचार. चार तासांच्या कार्यक्रमाला आपण कंटाळतो, ही गोष्ट आपल्या पणजोबांना हास्यास्पद वाटली असती. जत्रेतला तमाशा रात्री जेवणे आटोपल्यावर उभा राही आणि तांबडे फुटेपर्यंत चाले. गोंधळ, जागरण, हरिकीर्तन यांचे मोजमापही रात्रीनेच होई. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. त्यानंतरच्या संगीत नाटकांनी पदांमागून पदे आणि ‘वन्समोअर’मागून ‘वन्समोअर’ घेत रात्रीच्या रात्री खाल्ल्या.

५/
यामागे रसिकता होती, तशी सोयही होती. चार कोसांवरून पायी आलेला माणूस मध्यरात्री काळोखातून, ओढे-नाले ओलांडून परत कसा जाणार? त्यापेक्षा उजाडेपर्यंत खेळ चालू राहणे सर्वांच्याच हिताचे. खेळ लांब असणे हा तेव्हा दोष नव्हता. लवकर संपलेला खेळ म्हणजे फसवणूक.

६/
मात्र त्या रात्रींत एक गोष्ट आजच्या शाळेच्या पटांगणासारखी मुळीच नव्हती. नाचणाऱ्याच्या घरची माणसे समोर बसलेली नसत.

७/
तमाशात पूर्वी नाचे ते मिसरूड न फुटलेले पोर, ‘नाच्या पोऱ्या’. लुगडे नेसून, चाळ बांधून तो परक्यांपुढे उभा राही. पुढे कोल्हाटी आणि इतर काही समाजांतील स्त्रिया फडावर आल्या. त्यांच्या कमाईवर घरे चालली, पण त्या घरांना गावाने प्रतिष्ठा दिली नाही. पाहणारे पुरुष, नाचणारी परकी आणि दोघांमध्ये पैसा, असा तो व्यवहार. ‘आमची मुलगी नाचते’ हे वाक्य बापाने मान वर करून म्हणावे अशी सोय त्या व्यवहारात नव्हती.

८/
म्हणून घरंदाज मुली नाचतच नव्हत्या, असे मात्र समजू नये. मंगळागौर, नागपंचमी, हादगा-भोंडला : झिम्मा, फुगडी, पिंगा, फेर. रात्र रात्र जागून, घाम फुटेपर्यंत त्या नाचत. भेद इतकाच की तिथे प्रेक्षक नव्हते. जी आली ती फेरात शिरली. दाराबाहेर पुरुष असला तर त्याने खाकरून पुढे जायचे. एकीकडे केवळ प्रेक्षकांसाठीचा नाच, दुसरीकडे प्रेक्षकच नसलेला नाच. आणि या दोहोंमध्ये भलीमोठी भिंत. गॅदरिंगचा इतिहास म्हणजे ही भिंत कशी पडली त्याचा इतिहास, असे मी म्हणेन.

९/
भिंतीची जाडी किती होती ते दादासाहेब फाळक्यांनी अनुभवले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. नाचगाण्याचा व्यवसाय करणाऱ्या बायकाही कॅमेऱ्यापुढे यायला तयार होईनात. अखेर साळुंके नावाच्या पुरुष नटाने ती भूमिका केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. आई आणि मुलगी, दोघी एकाच चित्रपटात.

१०/
फाळक्यांनी नंतर जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्णाच्या भूमिकेसाठी त्यांनी घरचेच मूल उभे केले : कन्या मंदाकिनी, वय अवघे सात. चित्रपटाच्या आरंभी ती मुलगी प्रेक्षकांकडे पाहून एकेक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते, मग कृष्णाच्या वेषात कालियावर स्वार होते. या चित्रपटाचा बराच भाग आजही पाहता येतो. गॅदरिंगमध्ये मोबाइल उंच धरून, मागच्यांची शिवीगाळ सोसत, स्वतःच्या मुलीचे चित्रण करणारा प्रत्येक बाप दिसला की मला फाळके आठवतात. त्यांचा कॅमेरा तरी तिपाईवर होता, मागच्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता.

११/
इथे थोडे दूर, तंजावरला जावे लागेल. कारण लांब नृत्यप्रयोगाचा एक साचा तिथे घडला, आणि तोही मराठी राजाच्या दरबारात. संभाजीराजांचे सावत्र चुलते व्यंकोजीराजे यांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापली. त्या गादीवर १७९८ ते १८३२ या काळात दुसरे सरफोजीराजे होते. त्यांच्या आश्रयाला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून नृत्याच्या इतिहासात त्यांचे नाव आहे.

१२/
नृत्याच्या कार्यक्रमात आधी काय, मग काय, याची घडी या चौघांनी बसवली. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना. भरतनाट्यम् शिकलेल्या मुलीचे अरंगेत्रम् आज चेन्नईत असो, डोंबिवलीत असो की न्यू जर्सीत, दोन-अडीच तास नातेवाईक ज्या क्रमाने बसतात तो क्रम पुष्कळसा तोच. वर्णम् सुरू झाले की काकालोक घड्याळ पाहू लागतात, कारण ते एकटेच अर्धा-पाऊण तास चालते. त्यांनी गाऱ्हाणे न्यायचे असेल तर ते सरफोजीराजांच्या दरबारात न्यावे.

१३/
त्या दरबारात नाचणाऱ्या मात्र देवदासी होत्या. त्यांची कला पुढच्या शतकात घरंदाज मुलींकडे आली ती सरळ वाटेने नाही. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, मद्रासमध्ये १९४७ साली. दरम्यान १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल अड्यारला जाहीरपणे नाचल्या आणि पुढच्या वर्षी कलाक्षेत्र उभे राहिले. एका समाजाच्या स्त्रियांच्या हातून ती कला सुटत गेली आणि दुसऱ्या समाजाच्या मुलींना तिच्यामुळे मान मिळू लागला. या अदलाबदलीत ज्यांनी गमावले, त्यांची नावे आपल्या कार्यक्रमपत्रिकांत कोठेच नसतात.

१४/
पुण्यात हे परिवर्तन एका नावाभोवती पाहता येते : रोहिणी भाटे. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या पदवीधर. आरंभी मालवणकडच्या गुरू पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम् शिकलेल्या, नंतर कथकला वाहून घेतलेल्या. १९४७ साली त्यांनी पुण्यात ‘नृत्यभारती’ सुरू केली. ज्या शहरात नाचणे म्हणजे नाव घालवणे होते, तिथे मध्यमवर्गीय घरांतील मुली पायांत घुंगरू बांधून क्लासला जाऊ लागल्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी त्यात प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या आणल्या. प्रमाणपत्र आले की मराठी बापाचा विरोध निम्मा होतो, हे निरीक्षण माझे.

१५/
परंतु क्लास ही शहराची आणि फी भरू शकणाऱ्यांची गोष्ट. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यात भिंत पाडली ती दुसऱ्याच हातांनी. त्यातला पहिला हात मेळ्यांचा.

१६/
१८९३-९४ पासून पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि त्याबरोबर मेळे निघाले. एकसारख्या पोशाखातली मुले, हातात टिपऱ्या, तोंडी पद्ये, ठेक्यावर पावले. मोहरमच्या टोळ्यांचे वळण त्यांत उतरले होते, असे अभ्यासक सांगतात. मेळ्यांच्या पद्यांत राजकारण आले तशी सरकारची नजर त्यांच्यावर वळली. १९२० च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीचा ‘छत्रपती मेळा’ गाजला. तो उभा करणारे केशवराव जेधे हे, भोर तालुक्यातल्या कारी गावच्या कान्होजी जेध्यांशी नाते सांगणाऱ्या घराण्यातले.

१७/
मेळ्यांचे वाङ्मय पुष्कळांनी तपासले आहे. माझे लक्ष समोरच्या गर्दीकडे जाते. आपल्याच आळीतला, आपल्याच घरातला मुलगा चौकात नाचतो आहे आणि त्याची आई, आत्या, आजी रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहते आहे. पैसे टाकून पाहणारा परका तिथे मुख्य नव्हता. पुढे मेळ्यांत मुलीही आल्या. घरच्या माणसांनी घरच्या मुलाचा नाच चारचौघांत, उजळ माथ्याने पाहण्याची तालीम या मेळ्यांनी महाराष्ट्राला दिली.

१८/
दुसरा हात बालशिक्षणाचा. १९२६ साली भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या. पुण्याजवळच्या मोरगावात जन्मलेल्या अनुताई वाघ तिथे त्यांना मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत ते काम वाढले. गाणे, ताल, अभिनय यांना त्यांनी शिक्षणाच्या मधोमध ठेवले. गळा गोड असलेल्या मुलापुरते गाणे राखून ठेवायचे नाही. बेसूर मुलालाही तितकेच द्यायचे. ‘अंगणवाडी’ हा शब्दही आपल्याला त्यांच्याच कामातून मिळाला. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या देशभर पसरू लागल्या.

१९/
गॅदरिंग लांबते का, याचे उत्तर मला इथे सापडते. मेळ्यात निवडक मुले असत. महाविद्यालयांच्या जुन्या स्नेहसंमेलनांतही तसेच : इंग्रजी ‘सोशल गॅदरिंग’चे मराठी करून घेतलेल्या त्या सोहळ्यात चार हुशार विद्यार्थी नाटक करीत, बाकीचे टाळ्या वाजवीत. प्राथमिक शाळेने हा हिशोब मोडला. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यातली शाळा तिच्या हाती गेली. तिथल्या गुरुजी-बाईंनी जो अलिखित नियम पाळला तो असा : कोणाचेही मूल वगळायचे नाही. इयत्ता पहिलीचे एक गाणे, दुसरीचे दोन, अंगणवाडीचे एक. ज्याला पाऊल टाकता येत नाही त्याला झाड करायचे, पण उभे करायचे.

२०/
गाणी कोणती, याचाही इतिहास आहे. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटातले मोराचे गाणे घ्या. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचे, आवाज आशा भोसल्यांचा. त्या गाण्यावर पिसारा बांधून नाचले नाही असे मराठी घर विरळाच. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्या पुढाकाराने लोकनृत्यांचे कार्यक्रम गावोगाव नेले. शाळांच्या कार्यक्रमपत्रिकेत कोळी, शेतकरी, धनगर, आदिवासी अशी जी ओळीने नृत्ये येतात, ती मांडणी मला त्या कार्यक्रमांचीच लेक वाटते.

२१/
कोळीगीताची तर गंमतच आहे. कापूरहोळहून समुद्र गाठायचा तर वरंध घाट उतरून कोकणात जावे लागते. तरीही इथल्या प्रत्येक गॅदरिंगमध्ये एक होडी असते, वल्ही असतात, जाळे असते. याचे श्रेय पुष्कळसे शांता शेळके यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली यांना द्यावे लागेल. शांताबाईंचा जन्म इंदापूरचा, म्हणजे त्याही आपल्याच जिल्ह्यातल्या. दर्या त्यांच्याही दारात नव्हता.

२२/
१९८० च्या आसपास कॅसेट आली आणि मोठा बदल झाला. तोवर गुरुजी पेटी धरीत, कोणी पालक ढोलकीवर बसे, मुलींचा एक गट गाई आणि दुसरा नाचे. गाणारे थांबले की नाचणारे थांबत; चुकले तर पेटी सांभाळून घेई. कॅसेटीने नाच सफाईदार झाला, पण तिला थांबता येईना. ती अडकली की मुले हात वर धरून तशीच उभी राहत आणि टेपवाला पेन्सिलीने फीत गुंडाळीत बसे. गाणारा गट हळूहळू नाहीसा झाला. माझ्या मते, गॅदरिंगच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे नुकसान. कॅसेटीच्या जागी पुढे पेनड्राइव्ह आला, आता गाणे थेट मोबाइलवरून वाजते.

२३/
एका गोष्टीबाबत मी चुकीचा ठरलो, ते सांगायला हवे. नाच चालू असताना कोणी पन्नासची, शंभरची नोट घेऊन पुढे जातो आणि निवेदक ध्वनिक्षेपकावर नाव पुकारतो, ही बक्षिसांची पद्धत मला पूर्वी खटके. सरळ सरळ तमाशातली दौलतजादा ती! नोट दाखवून नाचणारीला जवळ बोलावण्याची. पण इथे नोट मुलीच्या हाती जात नाही. गुरुजींकडे जाते, वहीत नोंदली जाते. त्या पैशांतून शाळेला पंखे, बाके, पाण्याची टाकी मिळते. सरकारी भाषेत त्याला ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात. ज्या रिवाजाने नाचणारीला हलके केले, तोच रिवाज गावाने धुऊन-वाळवून शाळेच्या कामी लावला.

२४/
सगळेच काही असे धुऊन निघाले नाही. १९९६ साली दूरचित्रवाणीवर ‘बूगी वूगी’ सुरू झाले आणि मुलांच्या नाचाला परीक्षक, गुण, बाद होणे या गोष्टी चिकटल्या. सात-आठ वर्षांच्या मुलींना मोठ्या बायकांचे हावभाव शिकवले जाऊ लागले. १८ जून २०१९ रोजी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला याबाबत खासगी वाहिन्यांना समज द्यावी लागली. खेड्यातल्या गॅदरिंगमध्येही मधूनच असे एखादे गाणे लागते. तेव्हा सतरंजीवरच्या बायका एकमेकींकडे पाहतात, आणि जुनी भिंत किती जवळ आहे ते कळते.

२५/
आता घड्याळ. रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमांना अखेर वेसण घातली ती ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात ते पक्के केले. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देते, पण तो मान सणांना मिळतो, तिसरीच्या मुलांना नाही. नियम योग्यच आहे. मात्र त्यामुळे गॅदरिंगचा शेवट ठरला आणि सुरुवात पूर्वीसारखीच सैल राहिली.

२६/
त्या रात्री मी बसल्या जागी हिशोब केला. पत्रिकेवर सव्वीस गाणी. प्रत्येकी तीन-साडेतीन मिनिटे धरली तरी मुलांनी घेतला वेळ दीड तासाच्या आसपास. उरलेले? दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांनी आणलेल्या पाहुण्यांची शाल-श्रीफळे. तीन भाषणे. ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणणाऱ्याची वीस मिनिटे. एवढ्या वेळात रंग लावलेली चिमुरडी मुले वर्गखोलीत थंडीने कुडकुडत, पाणी न पिता बसलेली. कारण पाणी प्यायले तर भाड्याच्या ड्रेपरीतून लघवीला जाता येत नाही. गॅदरिंग मुलांमुळे लांबते असे यापुढे कोणी म्हणू नये.

२७/
माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. नऊवारी, डोक्यावरून शाल, मांडीवर पेंगणारे नातवंड. त्यांच्या मोठ्या नातीचे गाणे पाचव्या क्रमांकावर होऊन गेले होते. सव्वानऊ झाले तरी त्या उठेनात. मी म्हणालो, ‘आजी, तुमच्या नातीचं तर कधीच झालं. गारठ्यात कशाला बसलाय?’ त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी काही अभद्र बोललो असावे. ‘लोकाच्या पोरी नाचत्यात, आन् मधीच उठून कसं जायाचं, दादा?’

२८/
त्यांच्या तरुणपणी गावच्या जत्रेतला तमाशा त्यांनी कधी पाहिला नव्हता. बायकांनी त्या बाजूला फिरकायचेही नाही, असा दंडक. ढोलकी मात्र घरात झोपल्या झोपल्या ऐकू येई, असे त्यांनी सांगितले. ‘आमी फकस्त ऐकलं. बघाय मिळालं ते हे पोरींचं.’

२९/
दहाला आठ मिनिटे कमी होती. सव्विसावे गाणे उरले होते : सातवीच्या मुलींचा मंगळागौरीचा नाच. शाळेतले त्यांचे शेवटचे गॅदरिंग. नथ, नऊवारी, गजरे घालून दहा-बारा जणी बाजूला उभ्या. तेवढ्यात एका पाहुण्याला आभारप्रदर्शनाआधी चार शब्द बोलायचे होते. ते संपले तेव्हा मंडपवाल्याने दहा वाजल्याचे खुणेने सांगितले आणि ध्वनिक्षेपक बंद केला. मुलींना सांगण्यात आले की, तुमचे गाणे आपण २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर घेऊ. ड्रेपरी सकाळी परत जायची होती. एकजण रडू लागली, काजळ गालावर आले.

३०/
सतरंजीवरून कोणीच उठले नव्हते. ‘त्यांचं ऱ्हायलंय की आजून,’ आजी मोठ्याने म्हणाल्या. मग दुसरी एक बाई म्हणाली. मुख्याध्यापकांनी हात जोडून नियम सांगितला. आजी म्हणाल्या, ‘भोंगा नगं. आमी म्हणतो की गानं.’ आणि मांडीवरचे नातवंड माझ्याकडे सोपवून त्यांनी बसल्या जागेवरून पहिली ओळ उचलली. भोवतालच्या बायकांनी ती झेलली. मुली रंगमंचावर न जाता खाली, सतरंज्या सारून केलेल्या मोकळ्या जागेत उतरल्या आणि हातात हात घालून फुगड्यांना उभ्या राहिल्या.

३१/
तो नाच किती वेळ चालला ते मी पाहिले नाही. माझ्या मांडीवर परक्याचे मूल गाढ झोपले होते.